लंडनमधील सुशी : ‘अस्सल’ कोणते?
लंडनच्या सोहो भागात १९९७ मध्ये सायमन वुडरॉफ यांनी ‘यो! सुशी’ हे उपाहारगृह सुरू केले. फिरत्या पट्ट्यावरून येणारी बशी उचलावी व तिच्या रंगानुसार दाम द्यावे, अशी तेथील पद्धत. ही पद्धत प्राचीन जपानी असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः ती १९५८ मधील आहे. बिअरच्या कारखान्यात बाटल्या वाहून नेणारा पट्टा पाहून योशिआकी शिराइशी यांनी तो ओसाकालगतच्या आपल्या दुकानात आणला. थोड्या नोकरांत स्वस्त सुशी विकणे हा त्यामागील हेतू होता.

सॅमन माशाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. प्रशांत महासागरातील सॅमनमध्ये परजीवी आढळत असल्याने तो कच्चा खाण्याचा प्रघात जपानमध्ये नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यास नॉर्वेने मत्स्यशेतीतील आपला सॅमन खपविण्यासाठी तेथे प्रचारमोहीम हाती घेतली. सुरुवातीस नकारच मिळाला. पुढे मात्र तो सुशीत रुळला. लंडनकर ज्यास जपानी म्हणून पसंती देतो, तो घास असा युरोपातून जपानला गेलेला आहे. ‘अस्सल’ हा शब्द आपण अभ्यासकही फार सैलपणे वापरतो. ज्या एदोतील सुशीला आज अभिजाततेचा मान मिळतो, तीही एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरील ठेल्यांवर उभ्याउभ्या खाल्ली जात असे.