आधी बोलणाऱ्याची जागा

तीनपत्तीत पानं एकदा हातात आली की तीच राहतात. बदलते ती समोरच्याची चाल. पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात मात्र प्रत्येकाकडे दोनच झाकली पानं असतात आणि पाच उघडी पानं टेबलाच्या मधोमध येतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. ती सगळ्यांची. मघाशी राजासारखा वाटणारा हात पुढच्या पानावर भिकेला लागू शकतो. आणि प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी आधी बोलावं लागतं. ही पहिली जागा किती महागात पडते, ते २००३ सालच्या एका डावात दिसतं.

लास वेगासचा बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो, 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा. प्रवेश फी १०,००० डॉलर, खेळाडू ८३९. शेवटी उरले दोघे. एक सॅमी फार्हा, मूळचा लेबननचा, मुरलेला व्यावसायिक, ओठांत न पेटवलेली सिगारेट. दुसरा ख्रिस मनीमेकर (हो, आडनाव खरंच हेच), टेनेसीचा २७ वर्षांचा अकाउंटंट, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून इथवर आलेला. जिंकणाऱ्याला २५ लाख डॉलर, हरणाऱ्याला १३ लाख.

फार्हाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. मनीमेकरनं एक लाखाच्या चिप्स लावल्या, फार्हानं तेवढ्याच टाकल्या. पहिली तीन पानं पडली : इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फार्हाची नव्वीची जोडी झाली, टेबलावरची सगळ्यात मोठी. पण आधी बोलायचं होतं त्याला. तो 'चेक' म्हणाला, म्हणजे काहीच लावलं नाही. मनीमेकरही गप्प.

चौथं पान, इस्पिक अठ्ठी. इथे टेबलाचा रंगच बदलला. तीन इस्पिकं उघडी, म्हणजे कुणाकडे दोन इस्पिकं असतील तर त्याचा फ्लश तयार. फार्हानं तीन लाख लावले. मला यात चूक दिसत नाही. जोडी होती, राणीवर फ्लशची आशाही होती. पण मनीमेकरनं ते आठ लाख केले. त्याच्याकडे तेव्हा काहीही नव्हतं, फक्त शक्यता होत्या : पाचवं इस्पिक आलं तर राजाचा फ्लश, पंजी किंवा दश्शी आली तर सलग पाच पानं, नुसता राजा आला तरी मोठी जोडी. न दिसलेल्या ४४ पानांपैकी १७ पानं त्याला तारणारी. इस्पिक आलं असतं तर फार्हाची राणी त्याच्या राजाखाली चिरडली असती. फार्हानं आठ लाख पुरे केले.

शेवटचं पान बदाम तिर्री. कुणाच्याच उपयोगाचं नाही. पुन्हा आधी फार्हाची पाळी, आणि पुन्हा 'चेक'. त्या एका शब्दानं मनीमेकरला हवं ते कळलं : समोरच्याचा हात बरा आहे, पण फ्लश नाही. त्यानं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

फार्हा विचार करत राहिला. तुझा फ्लश हुकलेला दिसतो, अशा अर्थाचं काहीतरी बोललाही. अगदी अचूक ओळखलं होतं त्यानं! आणि तरीही पानं टाकून दिली. फार्हा घाबरला, असं म्हणणं सोपं आहे. पण पत्ते झाकलेलेच असताना, त्या तीन इस्पिकांसमोर एका जोडीवर सगळं लावून बघा. आपल्याला दोघांची पानं दिसतात ती टेबलातल्या छोट्या कॅमेऱ्यामुळे. तो नसता तर हा डाव कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

थोड्या वेळानं गुलाम, पंजी, चौकी अशी तीन पानं पडली. फार्हाकडे गुलामाची जोडी, पुन्हा टेबलावरची सगळ्यात मोठी. या वेळी त्याचं सगळं पुढे गेलं. मनीमेकरच्या हातात पंजी आणि चौकी होती, आणि शेवटचं पान आणखी एक पंजी आलं.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण येऊन बसले.