लिलावाचे नियम आणि बोलीचे डावपेच : रुमालापासून स्क्रीनपर्यंत

येलहंक्याहून बेंगळुरू शहरात येताना हेब्बाळ लागते. तेथील फुलांच्या लिलाव केंद्रात इलेक्ट्रॉनिक घड्याळावर किंमत वरून खाली उतरत जाते. जो आधी बटण दाबेल, त्याचा माल. लासलगावच्या कांदा बाजारात उलटे घडते: व्यापारी वाहनाभोवती जमतात आणि भाव चढत जातो. नियम बदलला की बोली लावणाऱ्याची चालही बदलते. या टिपणाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

१. रुमालाखालची बोली

महाराष्ट्रातील आंबा व्यापारात हत्ता पद्धत प्रसिद्ध आहे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात. इतरांचे भाव खरेदीदाराला कळत नाहीत, आणि माल ज्याचा आहे त्या शेतकऱ्यालाही कळत नाहीत. सगळी माहिती एकट्या अडत्याकडे राहते.

२. विक्री यांचा विचार

१९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी एका बंद लिलावाचे गणित मांडले. त्यात सर्वांत मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके द्यायचे.

उदाहरण: एखादे जुने नाणे तुमच्या लेखी १,००० रुपयांचे आहे. इतरांची सर्वोच्च बोली ९०० असेल, तर १,००० लिहून तुम्ही ९०० रुपयांत ते घेता. ८५० लिहिले तर नाणे हातचे जाते. इतरांची बोली १,०५० असताना ईर्ष्येने १,१०० लिहिले, तर ५० रुपयांचा तोटा. म्हणून खरी किंमत लिहिणे हीच उत्तम चाल. १९९६ मध्ये विक्री यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

३. संकेतस्थळे आणि शेवटचा क्षण

१९९५ मध्ये अमेरिकेत ईबे सुरू झाले. तेथे कमाल रक्कम एकदा सांगितली की संगणक गरजेपुरतीच बोली वाढवतो. म्हणजे जवळपास विक्री यांचाच नियम. मुंबईतील बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये विकत घेतले.

तरीही अनेक जण शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकत. रॉथ आणि ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये याचे कारण दाखवले. ईबेचा लिलाव ठरल्या वेळी बंद होई; अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की मुदत दहा मिनिटांनी वाढे. तेथे उशिराच्या बोली बऱ्याच कमी होत्या. विक्रेत्याने यातून घ्यायचा धडा: मुदतवाढ ठेवली, तर प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो. स्वतःच खोट्या नावाने बोली चढवणे मात्र डावपेच नव्हे, फसवणूक आहे.

४. पुन्हा बाजार समितीत

कर्नाटकाने २०१४ मध्ये बाजार समित्या ऑनलाइन जोडायला सुरुवात केली. देशपातळीवर ई-नाम १४ एप्रिल २०१६ रोजी आले. कर्नाटकात व्यापाऱ्यांच्या बोली गुप्तच असतात, पण त्यांची नोंद संगणकात राहते आणि भाव न पटल्यास शेतकरी नकार देऊ शकतो. २०१९ मध्ये तेथे दोन टप्प्यांचा लिलावही वापरून पाहिला गेला: पहिल्या टप्प्यातील वरच्या बोलीदारांना भाव वाढवण्याची आणखी एक संधी.

तरी एक अडचण उरते. बाजारात तीनच खरेदीदार असतील आणि त्यांनी आधीच संगनमत केले असेल, तर स्क्रीन काय करणार? नियम चांगला हवा, आणि बोली लावणारेही पुरेसे हवेत.

स्वाध्याय: नाशवंत फुलांसाठी उतरत्या किमतीचा लिलाव का सोयीचा ठरतो? कांद्याला तो लागू पडेल का?