एआरटी : औषध मोफत, तरीही खंड का पडतो?

एचआयव्हीवरील अँटिरेट्रोव्हायरल उपचार, म्हणजेच एआरटी, विषाणूचा समूळ नाश करीत नाहीत; त्याची वाढ रोखून धरतात. त्यामुळे गोळ्या आयुष्यभर, दररोज घ्याव्या लागतात. दिवसातून दोन वेळा औषध घेणाऱ्याच्या महिन्याला ६० मात्रा होतात. त्यांतील तीन चुकल्या, की प्रमाण ९५ टक्क्यांवर येते. सुरुवातीच्या औषधांसाठी हीच सुरक्षिततेची मर्यादा मानली जात असे. तीन मात्रा म्हणजे परगावी अडकलेला अवघा दीड दिवस!

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. औषधाच्या किमतीचा अडसर दूर झाला. केंद्रापर्यंत पोहोचण्याची किंमत मात्र उरली. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई कोण करणार? ऊसतोडणीसाठी कित्येक महिने गाव सोडणाऱ्या मराठवाड्यातील मजुराची नोंद एका जिल्ह्यात, तर फड दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. लिंक एआरटी केंद्रे आणि एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय यांमुळे हा भार हलका होतो. अशा रुग्णाला निष्काळजी ठरविणे सोपे, पण अन्यायाचे आहे.

बदनामीची भीती याहून चिवट. एका खोलीच्या घरात गोळ्यांची बाटली कोठे ठेवावी, हाच अनेक स्त्रियांपुढील प्रश्न असतो. पाहुणे आले, की मात्रा टळते. पूर्वीच्या स्टाव्हुडिनने तर गालांवरील चरबी झडे आणि चेहराच आजाराची वाच्यता करी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली.

प्रकृती सुधारल्यावर 'थोडे दिवस बंद' करण्याचा मोहही होतो. नेव्हिरापिन असलेल्या जुन्या मिश्रणात तो विशेष घातक ठरे. सर्व औषधे एकदम थांबविली, तरी नेव्हिरापिन रक्तात अधिक दिवस रेंगाळते. त्या एकट्याला तोंड देताना विषाणू प्रतिरोधक बनू शकतो. आजची डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त गोळी दिवसातून एकदाच घ्यावयाची असून तिच्याविरुद्ध प्रतिरोध सहजासहजी निर्माण होत नाही. तरीही रोजचा नेम चुकत नाही.

'गोळ्या चुकतात का?' या प्रश्नाला बहुधा 'नाही' असेच उत्तर मिळते. म्हणून अनुभवी समुपदेशक गेल्या चार दिवसांत किती चुकल्या, हे विचारतात आणि बाटलीतील उरलेल्या गोळ्या मोजतात.