मालगाडीचे फुकट प्रवासी : होबोंच्या अमेरिकेचा इतिहास (धागा)

१/
चालत्या मालगाडीला लोंबकळून चढायचे, रिकाम्या वाघिणीत अंग टाकायचे आणि शेकडो मैल दूर कुठेतरी उतरायचे. अमेरिकी चित्रपटांनी आणि लोकगीतांनी या प्रवासाला स्वातंत्र्याचे रूप दिले. त्यात साहस होतेच. पण या इतिहासात गव्हाची कापणी आहे, पोलीस आहेत, भूक आहे आणि १९३१ साली अलाबामात अडवलेली एक मालगाडीही आहे. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

२/
आरंभ यादवी युद्धानंतरचा. १८६५ साली युद्ध संपले आणि घर सोडून छावणीत राहण्याची सवय झालेले असंख्य तरुण सैनिक मोकळे झाले. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमन्टरी समिट येथे पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांना जोडले गेले. पुढे १८७३ च्या आर्थिक अरिष्टाने कारखाने बंद पडले. पायी भटकणाऱ्या बेकारासमोर आता रूळ होते, आणि त्यांवरून धावणाऱ्या वाघिणींना पहारा फारसा नव्हता.

३/
या लोकांची गरज कोणाला होती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पश्चिमेतील अर्थव्यवस्था हंगामी होती. गहू दक्षिणेत आधी पिके, मग कापणी कॅन्ससकडून डकोटाकडे सरकत जाई. शेतकऱ्याला शेकडो हात हवे असत, पण केवळ काही आठवड्यांपुरते. लाकूडतोड, फळतोडणी, रेल्वेचे बांधकाम यांचेही तेच. म्हणून हंगामात गाडीवरचे कर्मचारी अनेकदा डोळेझाक करीत आणि हंगाम सरला की तोच मजूर गुन्हेगार ठरे. माझ्या मते होबोचे सारे आयुष्य या दुटप्पीपणात सामावलेले आहे.

४/
त्यांच्या जगात शब्दांना नेमके अर्थ होते. होबो म्हणजे कामासाठी भटकणारा, ट्रॅम्प म्हणजे भटकणारा पण काम टाळणारा, आणि बम म्हणजे ना भटकणारा ना काम करणारा. आपल्याला कोणी बम म्हटलेले होबोला खपत नसे. जंक्शनजवळ, पाण्याच्या आश्रयाने त्यांचे तळ असत. त्यांना ‘जंगल’ म्हणत. तिथे ज्याच्याकडे जे असेल ते एकाच डब्यात शिजे. रेल्वेच्या पोलिसाला ‘बुल’, म्हणजे बैल, असे नाव होते.

५/
मृत्यूचे आकडे थरारक आहेत. १९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकी रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलेले सुमारे २४ हजार लोक ठार झाले आणि २५ हजारांहून अधिक जखमी झाले. हे सारे होबो नव्हते. रुळांवरून चालणारे स्थानिक लोकही त्यात येतात. तरीही काही जण वाघिणीखालच्या लोखंडी सळ्यांना धरून, रुळांपासून हातभर अंतरावर प्रवास करीत, हे लक्षात घेतले की या संख्येचे नवल वाटत नाही.

६/
यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे जॅक लंडन. १८९४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वॉशिंग्टनवर चाल करून निघालेल्या बेकारांच्या जथ्यात तो सामील झाला. वाटेत त्याने जथा सोडला. नायगारा फॉल्स येथे त्याला भटकेगिरीच्या आरोपाखाली पकडले आणि खटला जवळजवळ न चालवताच तीस दिवसांसाठी तुरुंगात धाडले. ‘द रोड’ (१९०७) या पुस्तकात त्याने हे अनुभव लिहिले. पुस्तक रंजक आहे. पण लंडन गोष्ट रंगवण्यात पटाईत होता, हे ध्यानात ठेवून वाचावे.

७/
१९०५ साली शिकागोत ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही कामगार संघटना स्थापन झाली. इतर संघटना ज्यांना दारात उभे करीत नव्हत्या, त्या फिरत्या मजुरांना तिने सभासद करून घेतले. तिचे लाल सभासदपत्र अनेक मालगाड्यांवर तिकिटासारखे चाले. (गदर चळवळीचे लाला हरदयाळ हेही कॅलिफोर्नियात असताना काही काळ याच संघटनेत सक्रिय होते.)

८/
आता साधनांविषयी थोडे, कारण समाजमाध्यमांवर या विषयातले बरेच काही पारखून न घेता फिरते. कुंपणांवर खडूने काढलेल्या होबोंच्या ‘गुप्त चिन्हांचे’ तक्ते तुम्ही पाहिले असतील. ती चिन्हे प्रत्यक्षात सर्रास वापरली जात होती, याचा पुरावा तुटपुंजा आहे. तक्ते मुख्यतः वृत्तपत्रांतून आणि स्वतःची ख्याती वाढवू पाहणाऱ्या होबो लेखकांकडून पसरले. ‘सिस्टर ऑफ द रोड’ (१९३७) हे ‘बॉक्सकार बर्था’चे आत्मचरित्र मानले गेले, प्रत्यक्षात ते बेन राइटमन या डॉक्टराने लिहिले आणि बर्था कल्पित होती. याउलट नेल्स अँडरसनचा ‘द होबो’ (१९२३) हा शिकागोचा समाजशास्त्रीय अभ्यास आजही भक्कम आधार देतो. अँडरसन स्वतः होबो राहिला होता, म्हणून त्याला माणसे बोलती करता आली.

९/
१९२९ नंतर चित्र पालटले. मिसूरी पॅसिफिक रेल्वेने १९२९ साली आपल्या गाड्यांवर १३,७४५ फुकट प्रवासी नोंदले होते. १९३१ साली ही नोंद १,८६,०२८ वर गेली. एकच माणूस अनेकदा मोजला गेला असणार, पण वाढ नाकारता येत नाही. आता कुशल होबोंच्या जागी नवखे बेकार होते, आणि मुले होती. घरात खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून निघालेल्या किशोरवयीन मुलांची संख्या त्या काळच्या अंदाजानुसार अडीच लाखांच्या घरात होती.

१०/
फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपल्या शहराचे १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमांवर नेमले आणि निर्धनांना माघारी धाडायला सुरुवात केली. स्वतःच्या देशातील नागरिकांनाच राज्याची दारे बंद! निर्धनांना राज्यात आणणे गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली ‘एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात रद्द केला.

११/
आता ती मालगाडी. २५ मार्च १९३१. चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघालेल्या गाडीवर गोरे आणि कृष्णवर्णीय तरुण दोघेही होते. त्यांच्यात मारामारी झाली आणि खाली फेकल्या गेलेल्या गोऱ्या तरुणांनी स्टेशनात तक्रार केली. अलाबामातील पेंट रॉक येथे सशस्त्र जमावाने गाडी अडवली. नऊ कृष्णवर्णीय मुले पकडली गेली. सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता. त्याच गाडीवर सापडलेल्या दोन गोऱ्या तरुणींनी त्यांच्यावर बलात्काराचा आरोप केला.

१२/
नऊपैकी अनेकजण एकमेकांना ओळखतही नव्हते. ते वेगवेगळ्या वाघिणींत होते. ओलेन मॉन्टगोमेरी जवळजवळ अंध होता. विली रॉबर्सन आजारी होता आणि मेम्फिसला उपचार मिळतील या आशेने निघाला होता. अटकेनंतर दोन आठवड्यांच्या आतच स्कॉट्सबरो येथे खटले सुरू झाले. नीट वकील नव्हता, ज्युरीत सारे गोरे होते. आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला.

१३/
सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली वकिलाच्या हक्काच्या मुद्द्यावर या शिक्षा रद्द केल्या. १९३५ साली कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळण्याच्या मुद्द्यावर पुन्हा तेच घडले. दरम्यान, १९३३ साली रुबी बेट्स या आरोप करणाऱ्या तरुणीने न्यायालयात सांगितले की बलात्कार झालाच नव्हता. तरीही ज्युरीने पुन्हा दोषीच ठरवले. १९३७ साली चौघे सुटले, उरलेले वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले.

१४/
त्याच गाडीवरचे गोरे तरुणही विनातिकीटच होते, पण ते फिर्यादी ठरले. होबोंच्या ‘मोकळ्या रस्त्या’विषयी लिहिताना ही गाडी बहुधा वेगळ्या प्रकरणात टाकली जाते. ते मला पटत नाही. गाडी तीच होती आणि वाघिणीही त्याच होत्या.

१५/
पुढे युद्धकाळातील रोजगार, कापणी-मळणीची यंत्रे, मोटारी आणि पाण्यासाठी न थांबणारी डिझेल इंजिने यांनी होबोंचे युग मावळले. नऊजणांपैकी क्लॅरेन्स नॉरिस याला अलाबामाने १९७६ साली माफी दिली. तोवर तो पॅरोल मोडून अनेक वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहत होता. ज्यांच्यावरील दोष तोवर पुसला गेला नव्हता, त्या उरलेल्या तिघांना माफी मिळाली २०१३ साली. त्यांपैकी कोणीही तेव्हा हयात नव्हते.