रॅपमधला 'मी' आणि जलशातला 'आम्ही'

"रॅपर स्वतःचंच रडगाणं गातो, यात चळवळ कुठे आहे?" असा प्रश्न आपले कार्यकर्ते हमखास विचारतात. 14 एप्रिलला डीजेवर वाजेल तेच आपलं गाणं, बाकी सगळे चोचले! हा समज इतिहासाला धरून नाही. नाशिककरांनी तर तो मुळीच बाळगू नये.

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकात निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक जलसा घेऊन गावोगाव फिरले. पाठीशी सत्यशोधक जलशांची परंपरा होती. तमाशाची चौकट घेतली, शृंगार टाकला, प्रबोधन भरलं. पण जलशाने फक्त सनातन्यांनाच धारेवर धरलं का? नाही. मृतमांस, दारू, बालविवाह, देवदेवस्की यांवरून समोर बसलेल्या आपल्याच माणसांना जाब विचारला. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनीही समाजाला हेच सांगितलं होतं. आत्मपरीक्षण हा जलशाचा पाया होता.

सिन्नरच्या देशवंडीत 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले. 1956 नंतर गटबाजी वाढली, तेव्हा त्यांच्या गाण्यांनी विरोधकांइतकंच अनुयायांनाही बोचणारे प्रश्न विचारले.

आता मार्च 2022 कडे येऊ. मुंबईच्या बीडीडी चाळीतला, 'स्वदेसी' गटात गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, याचा पहिला एकल अल्बम 'ट्रूथ अँड बेस' आला. त्याच महिन्यात, अवघ्या 24 व्या वर्षी तो गेला. 'स्वदेसी'ने 2019 मध्ये आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं होतं. गटात 'आम्ही' म्हणणाऱ्या कलावंतालाही स्वतःच्या नावाने बोलावंसं वाटतं. यात चळवळीशी फारकत कुठे आली?

जलशापुढे अख्खी वस्ती बसायची. आज अंबड एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा पोरगा रात्रपाळी करून खोलीवर येतो. आज काम आहे, उद्याची खात्री नाही. आडनाव विचारणारे मात्र कारखान्यातही भेटतात. ना चावडी, ना युनियन. त्याच्याजवळ मोबाइल आणि इअरफोन आहे. त्याचा 'मी' कंत्राटी व्यवस्थेने एकटा पाडलेला आहे. त्याचं दुःख खाजगी दिसतं, पण त्याची कारणं सामाजिक आहेत.

हा 'मी' बढाईत किंवा निराशेत अडकू शकतो, हे खरं. बाजाराला तेच हवं असतं. पण त्यावर उपाय हेटाळणी नव्हे. सम्यक स्मृती म्हणजे स्वतःच्या मनाकडे जागेपणी पाहणं. बुद्धाच्या वाटेवर चालणाऱ्यांना आत्मचिंतनाचं वावडं कशाला?

मित्रांनो, यंदाच्या जयंतीला डीजे तासभर बंद ठेवा. अंबड, सिडकोतल्या पोरांना माईक द्या आणि समोर बसून ऐका. वस्ती ऐकायला बसली, की 'मी'चा 'आम्ही' व्हायला वेळ लागत नाही.

जय भीम!