कोल्हापूर प्रकरण आणि बातमीची शहानिशा

एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रे मोफसलच्या, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या, घडामोडींसाठी मुख्यतः तेथील लिहित्या मंडळींच्या पत्रांवर अवलंबून असत. 1854 साली टपालहशील अंतराऐवजी वजनावर आकारले जाऊ लागल्यावर असा मजकूर पाठवणे स्वस्त झाले. परंतु पत्रलेखक पुष्कळदा टोपणनावाआड राही आणि छापल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी संपादकावर येई.

संस्थानी राजकारणात या व्यवहाराला विशेष महत्त्व होते. दरबारातील असंतुष्ट पक्षाला संस्थानाच्या हद्दीत उघड बोलणे धोक्याचे असल्याने तो आपले गाऱ्हाणे इंग्रजी अमलाखालील पुण्याच्या पत्रांकडे नेई, कारण तेथील छापखान्यावर दरबाराचा हुकूम चालत नसे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याची तक्रार अशाच मार्गाने 1881 साली नव्याने निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांपर्यंत पोहोचली. संस्थानाचे कारभारी, म्हणजे प्रशासनाचे प्रमुख, माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे पुरावा म्हणून पुढे आली आणि त्यांच्या आधारे दोन्ही वृत्तपत्रांनी बर्वे यांच्यावर कडक टीका केली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तेव्हा ती पत्रे बनावट ठरली. या वृत्तपत्रांचे संपादक टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त करूनही जुलै 1882 मध्ये त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी 101 दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. खटल्याच्या काळात त्यांच्या जामिनाची सोय करण्यात जोतीराव फुले यांनी साहाय्य केले, आणि सुटकेनंतर लोकांनी दोघांचे उत्साहाने स्वागत केले.

मूळ तक्रार मात्र निराधार म्हणून सोडून देण्याजोगी नव्हती. डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगर येथे देखरेखीखाली असलेल्या महाराजांचा ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. छत्रपतींचा कैवार घेणाऱ्यांनी बनावट कागदांचा आधार घेतल्यामुळे न्यायालयात चर्चा झाली ती बर्वे यांच्या अब्रूची, आणि महाराजांच्या स्थितीचा मुख्य प्रश्न त्या खटल्यात बाजूलाच राहिला.