तारा लावायच्या, पण सरकारी खर्चाने कोणाला?

ब्रिटनमध्ये 1948 साली एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि मुलांचे वेडेवाकडे दात सरळ करण्याचा खर्चही तिच्याकडे आला. पण पैसा मोजकाच. तारा कोणाला लावायच्या, यावर दोन डॉक्टरांची दोन मते!

1989 साली ब्रुक आणि शॉ यांनी त्यासाठी एक निर्देशांक मांडला. दातांच्या आरोग्यासाठी पाच श्रेणी, दिसण्यासाठी 10 फोटो. वरचे दात खालच्यांपेक्षा 6 मिलिमीटरहून जास्त पुढे असले तर चौथी श्रेणी, 9 हून जास्त असले तर पाचवी. 2006 पासून इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालील मुलांसाठी हाच निकष आहे: चौथी-पाचवी पात्र, तिसरी असेल तर फोटोंत किमान सहावा क्रमांक हवा.

मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. हिरडीत अडकलेला सुळा आरशात दिसत नाही. तरी तो पाचव्या श्रेणीत जातो. उलट, समोरचा जरासा तिरका दात आईला खुपतो, पण तो दुसरीतच राहतो. म्हणून दंतवैद्याने नवव्या-दहाव्या वर्षी वरच्या सुळ्याची जागा बोटाने चाचपायची, फुगवटा लागला नाही तर तज्ज्ञाकडे पाठवायचे आणि चिठ्ठीत मोजमाप लिहायचे. नुसते ‘दात वाकडे’ एवढे पुरत नाही.